दिगूची कानपिळी

"कान दिगूच पिळणार," रोहिणी म्हणाली, आणि अण्णांनी चालू गिरणी बंद केली.

अर्धं दळण जात्यात असताना अण्णा गायकवाडांनी गिरणी बंद केल्याचं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. पट्टा फटफटत थांबला, पिठाची धूळ खाली बसली आणि रांगेतल्या बायका आपापले डबे घेऊन दोन पावलं पुढं सरकल्या. दळणासाठी नव्हे, ऐकण्यासाठी.

"काय म्हणालीस?" अण्णांनी विचारलं.

"लगीन माझं हाय. कानपिळी माझा भाऊ करणार."

"अगं, आपला संपत हाय की. चुलत्याचा पोरगा म्हंजे भाऊच. त्यो करंल."

"संपतला राखी बांधत्ये मी. पण माझा भाऊ दिगू हाय."

दिगू तिथंच होता. एकोणीस वर्षांचा, उंचापुरा, केसांवर आणि भुवयांवर पीठ. रिकाम्या पोत्यांची घडी घालण्याचं काम त्याला फार आवडायचं, आणि त्या क्षणी तो एका पोत्याचे चारही कोपरे नीट जुळवत होता. त्याला बोलता येत नव्हतं. बोललेलं मात्र बरंचसं कळायचं, विशेषतः आपल्याविषयीचं.

अण्णांनी माझ्याकडं मोर्चा वळवला. "बाई, तुम्हीच सांगा हिला."

मी गिरणीतल्या बाकड्यावर वही मांडीवर घेऊन बसले होते. लग्न आठ दिवसांवर आलं होतं. रोहिणी माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या नजरेत खात्री होती की बाई आपल्या बाजूनं बोलणार. 

"नाही रोहिणी," मी म्हणाले. "कान सोडून दुसरं काहीही. कान नाही."

 हातातला डबा तिनं वजनकाट्यावर असा आपटला की काटा बराच वेळ हलत राहिला.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. साताऱ्याला मतिमंद मुलांच्या शाळेत शिकवत होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. दिगू दोन वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहात आला, तो एका तक्रारीसह. पोरगा कान ओढतो. कुणाचाही, केव्हाही आणि जोरात. पोस्टमनचा, सरपंचांचा, आरतीला आलेल्या पुजाऱ्याचा. एकदा पोलिओ डोस पाजायला आलेल्या नर्सबाईंचा ओढला, तर त्या गावात पुन्हा यायला तयार होईनात.

पहिल्यांदा त्याच्या घरी गेले तेव्हा मला त्याचं कारण पाच मिनिटांत कळलं. गिरणी चालू असली की तिथं कुणालाच काही ऐकू येत नाही. सगळे एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडतात. ज्याला ओरडताच येत नाही त्यानं काय करायचं? लहानपणी कधीतरी दिगूनं एकाचा कान धरला असणार आणि तो माणूस वळला असणार. दुसऱ्याचा धरला, तोही वळला. कान हे माणसाला वळवायचं हँडल आहे, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. त्याच्या जागी मी असते तर माझंही तेच मत झालं असतं.

शिवाय घरात गजराआत्या होत्या. दिगूची आई तो चार वर्षांचा असताना गेली. तेव्हापासून अण्णांची ही थोरली बहीण घर बघायला येऊन राहिली होती, आणि रोहिणीनं स्वतः नऊ वर्षांची असताना भावाला काखेत घेतला होता. आत्यांच्या कनवटीला कायम लिमलेटच्या गोळ्या.

"त्यानं कान ओढला की तुम्ही गोळी देता ना?" मी विचारलं होतं.

"न्हाई वो बाई! मी काय येडी हाय? धा येळा ओढला तरी बगत न्हाई मी त्याच्याकडं."

"आणि अकराव्या वेळी?"

आत्या जरा घुटमळल्या. "आता लेकराचं तोंड बगवत न्हाई. देत्ये एकादी. पर रोज न्हाई हां! कधीमधी."

"आत्या, रोज दिली असती तरी परवडलं असतं," मी म्हणाले. "कधीमधी देता म्हणून तर तो थांबत नाही. आज ना उद्या मिळणार हे त्याला ठाऊक आहे."

आत्यांना हे अजिबात पटलं नाही. रोज देणारी वाईट की कधीमधी देणारी, असं त्यांनी गल्लीतल्या चार बायकांना विचारलं आणि चौघींनीही माझ्या शिक्षणाविषयी शंका काढली.

गिरणीवर माणसं यायची बंद होऊ लागली तेव्हा अण्णांनी मागच्या खोलीला बाहेरून कडी लावून घेतली होती. गिरणी चालू असेतोवर दिगू त्या खोलीत. सकाळी नऊ ते एक, दुपारी चार ते सात. अण्णा वाईट माणूस नव्हते. कडी लावताना ते दाराकडं बघत नसत. पण लावत असत. खोलीच्या दाराला आतल्या बाजूनं, कानाच्या उंचीवर, हात घासून घासून रंग उडालेला होता. तो डाग बघितला आणि मी त्या दिवशी एस.टी.त बसून ठरवलं की ही कडी काढल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

मग मी माझी अक्कल पाजळली. दिगूला एक छोटी पितळी घंटी दिली. कुणाचं लक्ष हवंय? घंटी वाजव. वाजवली की मी लगेच वळायची, हसायची, गोळी द्यायची. दर वेळी. शाळा शांत, वर्गात नऊ मुलं, घंटी खणखणीत. दिगू तीन आठवड्यांत कान विसरला. वहीत मी दोन रकाने आखले होते, एक "कान" आणि एक "घंटी". कानाच्या रकान्यात शून्यावर शून्य पडत गेलं. मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या बैठकीत माझं कौतुक केलं आणि मी दोन दिवस जमिनीवर नव्हते.

दिवाळीच्या सुटीत दिगू घंटी घेऊन घरी गेला. अण्णांनी मोठ्या विश्वासानं त्याला गिरणीत बसवलं आणि पट्टा चढवला. दिगूनं घंटी वाजवली. कुणी वळलं नाही. पुन्हा वाजवली. दोन्ही हातांनी वाजवली. गिरणीच्या त्या धडधडाटात देवळातली मोठी घंटा बडवली असती तरी कुणाला ऐकू गेली नसती, आणि मी शहाणीनं त्याला बोटभर घंटी देऊन पाठवलं होतं! रोहिणी मला नंतर सांगत होती, "बाई, त्यानं घंटी नीट खाली ठेवली बगा. आन् मग पोस्टमनचा कान धरला." पोस्टमन टोपी सोडून पळाला. संध्याकाळी मागच्या खोलीला पुन्हा कडी लागली.

चूक माझी होती, त्याची नव्हे. शाळेत जे काम देतं ते गिरणीत देत नाही, आणि जे काम देत नाही ते माणूस खाली ठेवतो आणि जुन्या हत्याराला हात घालतो. इतकी साधी गोष्ट कळायला मला एका पोस्टमनचा कान खर्ची घालावा लागला.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला घंटी नाही. खांद्यावर दोन टिचक्या आणि मग तळवा पुढं. वहीतही "घंटी" खोडून "हात" लिहिलं. हे गोंगाटातही चालतं. आधी दर वेळी गोळी. मग दोन वेळा हात केला की एकदा. मग कधी तिसऱ्या वेळी, कधी लगेच, कधी पाचव्या वेळी. गोळीऐवजी कधी नुसतं हसू, कधी पाठीवर हात. हळूहळू, त्याला कळू न देता. आत्यांचं "कधीमधी" मी त्यांच्याकडून उसनं घेतलं आणि चांगल्या कामाला लावलं. आणि दर रविवारी साताऱ्याहून एस.टी. धरून दिगूला घेऊन गिरणीत यायचं, पट्टा चालू असताना, दळणाला आलेल्या माणसांसमोर सराव करायचा. पहिल्या रविवारी तीन कान गेले. पुढच्या रविवारी एक. मग शून्य.

तो वैशाख आला तेव्हा पाच महिने शून्य होतं. मागच्या खोलीत आता मिरच्यांची पोती होती. वसतिगृहातून घरी आलेला दिगू दिवसभर गिरणीत बसून पोत्यांच्या घड्या घालत होता, आणि पोस्टमन आपण होऊन त्याच्यासमोर खांदा करत होता.

आणि आता भर मांडवात, शेदोनशे माणसांसमोर, त्याला कुणी सांगणार होतं की पीळ कान! वर टाळ्या, कापड, टोपी, मान. मी जे पाच महिने उपाशी ठेवलं होतं त्याला एका दुपारी पंचपक्वान्नांचं जेवण.

"बाई, बरोबर बोलल्या तुमी," त्या दिवशी अण्णा म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी सांगून ठेवतो. त्यानं पुन्यांदा सुरू केलं तर माझा इलाज न्हाई. रोहिणी जाणार सासरला. आत्याचं वय झालं. मी गिरणी बगू का त्याला बगू?" त्यांची नजर मागच्या खोलीकडं गेली. कडी अजून जागेवरच होती.

रोहिणीनं मला विहिरीपाशी गाठलं.

"बाई, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"समद्यांचे भाऊ कान पिळत्यात. माझा भाऊ कोपऱ्यात बसवून संपतला उभा केला, तर लोक काय समजतील? मला भाऊच न्हाई."

"आणि मग दुसऱ्या दिवसापासून तो कडीच्या आत गेला तर?"

ती बराच वेळ दोराची गाठ सोडत आणि बांधत राहिली. तिचंही खरं होतं आणि माझंही, आणि दोघींचाही जीव त्या एकाच पोरात अडकला होता. म्हणून तर भांडण मिटत नव्हतं.

"आसं करू," शेवटी ती म्हणाली. "उभा त्योच राहणार. लाह्या त्योच घालणार. कान पिळ म्हणून मी सांगणार न्हाई, आन् पिळू नको म्हणून तुमी सांगायचं न्हाई. त्याला वाटंल ते त्यो करंल. पर दुसऱ्या कुणी त्या कानाला हात लावायचा न्हाई."

मी कबूल झाले. दुसरा मार्गच नव्हता.

लग्न गिरणीसमोरच्या मोकळ्या जागेत झालं. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा कडक इस्त्रीचं धोतर नेसलं होतं आणि ते सारखं झटकत होते, त्यावर पीठ नसतानाही. दिगूला निळा सदरा आणि टोपी घातली होती. टोपी त्याला इतकी आवडली की तो मान सरळ ठेवूनच चालत होता. मी बायकांच्या घोळक्यात, पहिल्या रांगेत. पर्समध्ये वही.

नवरदेव प्रतापराव, कोरेगावच्या एस.टी. डेपोत मेकॅनिक. काळासावळा, अबोल, हाताच्या नखांत ग्रीसच्या रेषा तशाच राहिलेल्या. मी त्याला एकदाच भेटले होते आणि तेव्हा तो फक्त "बसा" आणि "चहा घ्या" एवढं बोलला होता.

अक्षता पडल्या. होम पेटला. दिगूनं रोहिणीच्या ओंजळीत लाह्या घातल्या, एक लाही खाली सांडू दिली नाही. आणि भटजी म्हणाले, "हं, आता भावानं कान पिळायचा!"

मांडवात एकदम जान आली. "पीळ दिगू! सोडू नको! चांगला पीळ!" संपत समोर येऊन स्वतःचा कान धरून दाखवायला लागला. पाठीमागून कुणीतरी शिट्टी मारली. इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी त्याच्यावर सगळे ओरडत होते, तीच कर म्हणून सगळं गाव ओरडत होतं.

दिगूनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग त्याची नजर मला सापडली. मी ओठ घट्ट मिटले आणि हात पदरात गुंडाळले. कबूल केलं होतं ना! मानही हलवली नाही. आयुष्यात इतकी अवघड परीक्षा मी दिली नाही, आणि खरं तर परीक्षा माझी नव्हतीच.

त्याचा उजवा हात वर गेला. प्रतापरावांच्या कानापर्यंत पोहोचला. माझ्या शेजारी आत्यांनी माझं मनगट दाबलं.

हात कानाच्या बाजूनं खाली उतरला आणि खांद्यावर टेकला. दोन टिचक्या. मग तळवा पुढं.

 भटजींना वाटलं पोरगा गोंधळला. "अहो कान, कान!" ते म्हणाले. दिगू हलला नाही. मान ताठ, टोपी सरळ, तळवा पुढं.

प्रतापरावांनी मुंडावळ्या बाजूला सारल्या. दिगूच्या तळव्याकडं बघितलं, मग रोहिणीकडं बघितलं. आणि त्या अबोल माणसानं उजव्या हातानं स्वतःचाच कान धरला, चांगला करकचून पिळला आणि मोठ्यांदा ओरडला, "आई आई गं! सांभाळतो, सांभाळतो! नीट सांभाळतो!"

असा हशा मी कुठल्याही लग्नात ऐकला नाही. भटजी होमासमोर पोट धरून हसत होते. प्रतापरावांनी सदऱ्याच्या खिशातून लिमलेटची गोळी काढली आणि दिगूच्या तळव्यावर ठेवली. रोहिणीनं नवऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं, ही लबाडी मला मागाहून कळली. कापड आणि नवी टोपी मग आली, पण दिगूचं लक्ष गोळीत होतं. अण्णा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते आणि सांगत होते की होमाचा धूर लागतोय.

मी वही काढली आणि सगळ्यांदेखत शून्य लिहिलं. चांगलं मोठं, गोल. जेवणात चार जिलब्या खाल्ल्या. वाढणाऱ्यानं विचारलं, बाई तुम्ही मुलीकडच्या का? मी म्हटलं, मी मुलाकडची. तो गोंधळून पुढं गेला.

चारच्या सुमारास वरात निघायची वेळ झाली. जीप दारात उभी राहिली. पुढं ड्रायव्हर आणि नवरदेवाचे काका. मागं एका कडेला रोहिणी, शेजारी प्रतापराव, समोरच्या बाकावर त्यांच्याकडच्या दोन बायका आणि पाठराखीण म्हणून गजराआत्या. नवरीसोबत सासरी चार दिवस राहायला माहेरचं माणूस जातं, तो मान आत्यांचा. त्या पिशवी, पानाचा डबा आणि लोणच्याची बरणी घेऊन अर्धा तास आधीच जागा धरून बसल्या होत्या.

रडारड सुरू झाली. रोहिणी अण्णांच्या गळ्यात पडून रडली, शेजारणींच्या गळ्यात पडून रडली, आणि जीपमध्ये बसल्यावर तोंडावर पदर घेऊन रडतच राहिली.

दिगू गर्दीतून वाट काढत जीपशी आला. आत हात घालून त्यानं रोहिणीच्या खांद्यावर दोन टिचक्या मारल्या आणि तळवा पुढं केला.

आत्यांनी सवयीनं कनवटीची गोळी काढून त्याच्या तळव्यावर ठेवली. दिगूनं गोळीकडं बघितलं. मग हात तिरका केला आणि गोळी मातीत पडू दिली. मी त्याला ओळखत होते तेव्हापासून त्यानं एकही गोळी टाकली नव्हती.

पुन्हा दोन टिचक्या, पुन्हा तळवा. संपतनं त्यावर पेढा ठेवला. पेढाही खाली गेला.

तिसऱ्यांदा तळवा. या वेळी रोहिणीनं पदर बाजूला केला, त्याचा तळवा आपल्या डोळ्यांना लावला आणि हमसून हमसून रडली. पण दिगूला जे हवं होतं ते हे नव्हतं. हे नव्हतं एवढं मला दिसत होतं, पण काय हवं होतं ते दिसत नव्हतं.

तेवढ्यात ड्रायव्हरनं जीप चालू केली. जुनी डिझेलची जीप. ती गुरगुरली, खोकली आणि एकदम धडधडायला लागली. डोळे मिटले तर गिरणीच.

दिगूचा हात वर गेला आणि त्यानं रोहिणीचा कान धरला. कुडीसकट, पूर्ण मुठीत.

एकच कालवा झाला. "सोड, सोड!" अण्णा धावले. संपतनं त्याचं मनगट पकडलं. "नवरीचा कान तुटंल रं!" नवरदेवाकडची एक बाई किंचाळली. पाच महिने, आणि माझ्या डोळ्यांसमोर, त्याच धडधडाटात!

"नका ओढू त्याला!" रोहिणी सगळ्यांवर ओरडली. तिचं डोकं कानाच्या बाजूला वाकडं झालं होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "धरू द्या. दुखत न्हाई मला. बाई, आजचं लिहू नका. तुमच्या पाया पडत्ये, आजचं नका लिहू."

आणि मग मला कळलं. दोन वर्षं मी या पोराला मागायला शिकवत होते. हात कसा करायचा, केव्हा करायचा, किती वाट बघायची. त्याला काय हवंय हे मी एकदाही मनाला विचारलं नव्हतं. गोळी घेतोय ना, मग झालं! आज त्यानं शिकवल्याप्रमाणे मागितलं होतं. एकदा नव्हे, तीनदा. रीतसर. त्याला बहीण हवी होती, आणि आम्ही त्याच्या हातावर पेढे ठेवत होतो. माझं मलाच इतकं वाईट वाटलं की रडू आलं, आणि त्याच क्षणी प्रतापराव म्हणाले,

"येऊ द्या की त्याला. पाठराखण म्हणून येऊ द्या."

अण्णा "आवो पण..." म्हणेपर्यंत प्रतापरावांनी मागचं फळकुट उघडलंसुद्धा. रोहिणीचा चेहरा एकदम उजळला. "चल दिगू," ती म्हणाली, "चल, चल!"

"थांबा!" मी ओरडले.

माझा आवाज इतका चढला की ड्रायव्हरनंही मागं वळून बघितलं. "गाडी बंद करा. आधी गाडी बंद करा!"

त्यानं केली.

"आत्ता घ्यायचं नाही त्याला," मी म्हणाले. "कान धरलेला असताना नाही."

गजराआत्या जीपमधून कडाडल्या, "बाई, काळीज हाय का दगड? लेकरू बहिणीसाठी तडफडतंय आन् तुमची शाळा सुटंना व्हय!"

"आत्या, आज कान धरून बहीण मिळाली, तर तो जन्मभर कानच धरील," मी म्हणाले.  "आणि तीनदा हात करून मिळाली नाही, हेही जन्मभर लक्षात ठेवील. एकदा ऐका माझं."

मग मी दिगूच्या बाजूला जाऊन उभी राहिले. त्याला हात लावला नाही. संपतला त्याचं मनगट सोडायला लावलं. सगळीकडं शांत झालं होतं, नुसते जीपचे गरम पत्रे टिकटिकत होते.

"दिगू," मी हळूच म्हणाले. "कान सोड. हात कर."

तो माझ्याकडं बघत राहिला. तीनदा केला होता त्यानं हात. मी त्याच्या जागी असते तर बाईंवर मुळीच विश्वास ठेवला नसता.

"एकदाच," मी म्हणाले.

करंगळी सुटली. मग तिच्या शेजारचं बोट. मग मूठ उघडली आणि रोहिणीचा लालबुंद कान मोकळा झाला. दिगूनं खांद्यावर दोन टिचक्या मारल्या, अगदी हलक्या, आणि तळवा पुढं केला. 

"आता!" मी म्हणाले. "आता द्या!"

प्रतापरावांनी त्या तळव्यावर स्वतःचा हात ठेवला, घट्ट धरला आणि दिगूला एका हिसक्यात जीपमध्ये ओढून घेतलं. टोपी खाली पडली, ती रोहिणीनं झेलली आणि त्याच्या डोक्यावर घातली. दिगू बहीण आणि मेहुणा यांच्या मधोमध बसला, मान सरळ ठेवून. तो तोंड उघडून हसला. आवाज नसलेलं ते हसू होतं आणि ते बघून अख्खी आळी हसायला लागली, डोळ्यांत पाणी असलेली माणसंसुद्धा.

जीप मात्र फार भरली होती. ड्रायव्हरनं मागं बघून मान हलवली. सगळ्यांचे डोळे गजराआत्यांकडं वळले.

"माज्याकडं काय बगताय?" आत्या म्हणाल्या. मग पिशवी खाली टाकली, पानाचा डबा खाली दिला, लोणच्याची बरणी रोहिणीच्या मांडीवर ठेवली आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उतरल्या. "चांगली चार दिस आयतं खाणार हुती मी. घालवलं बाईनं."

जीप पुन्हा धडधडली. मी दिगूच्या हातांकडं बघितलं. दिगूचे दोन्ही हात बहिणीच्या आणि मेहुण्याच्या हातात होते. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी आम्ही धुळीत उभ्याच होतो.

मी वही उघडली. रोहिणीनं पाया पडून सांगितलं होतं, पण खोटं मी कधी लिहिलं नव्हतं. "कान" खालचं ते गोल शून्य खोडलं आणि एक लिहिला. "हात" खाली चार टिंबं द्यायची होती, मांडवातलं धरून पाच. दिली. शेवटच्या टिंबाभोवती एक गोल काढला.

"बाई," आत्या चिंतेनं म्हणाल्या, "आता ह्याला सवय लागंल की वो. आठवड्याला हात करून उभा ऱ्हाईल, रोहिणीअक्काकडं न्या म्हणून. मग काय करायचं?"

"न्यायचं," मी म्हणाले.

"दर येळी?"

मी वही मिटली. "नाही आत्या. कधीमधी."

आत्यांनी माझ्याकडं असं बघितलं की आता ही बाई पुन्हा शिकवायला लागणार. मग त्यांना आठवलं आणि त्या पिशवी हातात धरून इतक्या हसल्या की त्यांना बाकड्यावर बसावं लागलं.

या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं झाली. गिरणी विजेची झाली, अण्णा आणि आत्या राहिले नाहीत, मागच्या खोलीची कडी रोहिणीनं कधीच उखडून टाकली. गिरणी आता संपत चालवतो. दिगू अजून पोत्यांच्या घड्या घालतो. कोरेगावची एस.टी. आली की थांब्यावर जातो, कंडक्टरच्या खांद्यावर दोन टिचक्या मारतो आणि तळवा पुढं करतो. कधी कंडक्टर त्याला बसवून घेतो, कधी नाही. नाही घेतलं तर तो उद्या पुन्हा येतो.